जिजाजींनी जोडलेला कॉम्प्युटर

आमच्या घरात कॉम्प्युटर तुकड्यातुकड्यांनी आला, आणि प्रत्येक तुकड्यासोबत जिजाजी जेवायला आले. मॉनिटर आला त्या दिवशी मटण झालं. कीबोर्ड आला त्या दिवशी पाटवडी रस्सा, प्रिंटर आला त्या दिवशी पुन्हा मटण. आणि ज्या रविवारी लोखंडी पेटी उघडून त्यांनी आमच्या बसायच्या लाकडी तख्तावर सगळी जोडणी केली, त्या रविवारी आईनं सकाळीच अंगणात चूल पेटवली आणि पालथ्या मडक्यावर लांब रोट्या केल्या. ती रोटी करायची म्हणजे सैलसर पीठ दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत लांबवायचं आणि एका झटक्यात तापल्या मडक्यावर टाकायचं. आईचे हात भाजायचे, पण जवाई येणार म्हटलं की तिला भाजल्याचंही कौतुक वाटायचं. तीन रोट्या, वाटीभर तर्री आणि वर "मीठ जरा कमी वाटते आई" एवढं झालं की जिजाजी हात धुऊन कॉम्प्युटरकडे वळायचे. त्याआधी कधीच नाही.

जिजाजी म्हणजे प्रमोद, माझ्या मोठ्या बहिणीचा, विशाखाताईचा नवरा. शहराच्या सदर भागातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये ते नोकरीला होते. शर्टाच्या खिशात स्वतःची कार्डं ठेवत आणि त्यावर नावाखाली 'हार्डवेअर इंजिनिअर' असं छापलेलं होतं. क्लासमध्ये ते नेमकं काय करत हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, आणि जावयाला असं विचारायची पद्धतही नव्हती. इंदोरा वस्तीतल्या आमच्या गल्लीत तेव्हा दुसरा कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे कॉम्प्युटरविषयी बोलणारा दुसरा माणूसही नव्हता. ज्याला खोडून काढणारा कुणी नाही असा माणूस किती भराभर मोठा होतो, हे मी त्या वर्षी जवळून पाहिलं. पेटी उघडली की त्यांची भाषाच बदलायची. दारात "आई, पाणी देजा जरा" म्हणणारा माणूस स्क्रूचा पेचकस हातात घेतला की "याला ॲक्चुअली प्रॉपर हँडलिंग लागतं" असं पुण्याच्या सुरात बोलू लागायचा, आणि बाबा ते तोंड किंचित उघडं ठेवून ऐकायचे.

कॉम्प्युटर घेतला होता बाबांसाठी. बर्डीवरच्या एका छापखान्यात ते कंपोझिटर होते. उभं राहून अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे, ओळीमागून ओळ, पानामागून पान, तीस वर्षं. कोणतं अक्षर कोणत्या खणात ते त्यांच्या बोटांना पाठ होतं. डोळे दाराकडे, तोंड गप्पांत आणि हात मात्र ओळ भरत असायचे. छापखान्यानं खिळे भंगारात घातले तेव्हा बाबांनाही घरी बसवलं. काही महिने ते घरात नुसते वावरले. आईच्या मसाल्याच्या डब्या उंचीप्रमाणे लावून ठेवायचे आणि आई त्या पुन्हा विस्कटायची. मग एक दिवस म्हणाले, जुळणी आता कॉम्प्युटरवर होते म्हणतात, तर आपण घरीच करू. कीबोर्डवरची मराठी त्यांनी दोन महिन्यांत बसवली. एका पुठ्ठ्यावर सगळ्या कळा काढल्या होत्या, आणि यंत्र घरात यायच्या आधीपासून चहा पिता पिता त्या पुठ्ठ्यावर बोटं चालवायचे. टप टप टप असा तो कोरडा आवाज अजून माझ्या कानात आहे.

पहिलं मोठं काम मिळालं ते विहाराच्या मंडळाची स्मरणिका. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांच्या हातात ती पडायची होती. मंडळाचे अध्यक्ष गुरुजी, निवृत्त शिक्षक, पिशवीत घालून लेख आणून द्यायचे. छप्पन सालच्या दीक्षेला गावागावांतून पायी आलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी होत्या त्यात, कुणाच्या नातवानं वहीच्या पानावर, कुणाच्या सुनेनं लग्नपत्रिकेच्या पाठीवर उतरवून घेतलेल्या. त्यात एक पान माझ्या आजीचंही होतं. बाबांनी ते सगळ्यांत आधी टाइप केलं.

मी तेव्हा पॉलिटेक्निकला, इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला. वर्गात आम्ही तीन मुली. कॉलेजात मी ॲम्प्लिफायर जोडत होते, पण घरात माझी पोहोच रेडिओचे सेल बदलण्यापुरती. जोडणीच्या त्या रविवारी मी पेटीत डोकावले तर जिजाजी म्हणाले, "साळीबाई, दूर राहा. अंगात स्टॅटिक असते. लेडीजच्या अंगात जास्त असते." स्टॅटिकचा धडा मी वाचला होता. त्यात लेडीज कुठंच नव्हत्या. पण मी दूर झाले, कारण आईनं स्वयंपाकघरातून डोळे मोठे केले होते. त्यांनी सगळ्यांत शेवटी पेटीच्या मागच्या कोपऱ्यात पॉवर सप्लाय बसवला. भिंतीतली वीज घेऊन यंत्राला सोसेल अशी बारीक करून देणारा हा पत्र्याचा डबा, आत पंखा, बाहेर रंगीत तारांचा झुपका. "हा एकदम नवा, स्पेशल मागवला," असं ते म्हणाले. डब्यावरचं लेबल कुणीतरी खरवडून काढलं होतं. ते मला दिसलं होतं. नव्या डब्याचं लेबल कोण कशाला खरवडेल, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी एकोणीस वर्षांची होते आणि माझं सगळं लक्ष अपमान मोजण्यात गुंतलं होतं.

पंधरा दिवस बरे गेले. पोळा झाला, ऊन पुन्हा तापलं, आणि मग एका दुपारी बाबा टाइप करत असताना पडदा एकदम काळा झाला. आत 'टक्' असं वाजलं आणि यंत्र आपलं आपण पहिल्यापासून सुरू झालं. जे टाइप झालं होतं ते गेलं. दुसऱ्या दिवशी दोनदा झालं. तिसऱ्या दिवशी पाचदा. बाबांनी ताईच्या शेजाऱ्यांकडे फोन केला आणि रविवारी जिजाजी आले, जेवले, यंत्रापुढं बसले आणि तोंडातली बडीशेप चावत म्हणाले, "व्हायरस आहे."

"कुठून आला असंल?" बाबांनी विचारलं.

"हवेतून नाही येत, बाबा. फ्लॉपीतून येतो."

"पण घरात फ्लॉपी तर एकच हाये. तुम्हीच आणून दिली न."

हे जिजाजींना ऐकू आलं नाही. त्यांनी आतली डिस्क पुसून काढली, फ्लॉपीही. फॉरमॅट हा शब्द आमच्या घरानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. अडतीस पानं गेली. आजीचंही गेलं. हस्तलिखितं होती म्हणून बाबांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली, एका शब्दानं कुरकुर न करता. आठवड्याभरात यंत्र पुन्हा तसंच करू लागलं. जिजाजी पुन्हा आले. या वेळी म्हणाले, इंदोऱ्यातलं व्होल्टेजच बेकार आहे, आमच्या सदरकडे असं होत नाही. मग एक स्टॅबिलायझर आला. तो दिवसभर भिंतीजवळ कटकट वाजत राहिला आणि यंत्र त्याच्या तालावर बंद पडत राहिलं.

तिसऱ्या वेळी जिजाजींना काही सुचेना. व्हायरस वापरून झाला होता, व्होल्टेज वापरून झालं होतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती बाबांच्या हातांवर येऊन थांबली.

"बाबा, राग मानू नका," ते म्हणाले, "तुम्ही की दाबत नाही, ठोकता. तीस वर्षं शिसं उचललेले हात आहेत. मशीनला झटका बसतो आणि ती रीसेट होते. हे नाजूक काम आहे. ज्याचं त्यानं केलेलं बरं."

बाबांनी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. आई म्हणाली, "मी तर म्हणतच होती, हळू मारत जा." ताई ताटं उचलत होती. तिनं वर पाहिलं नाही.

मी आयुष्यात पुष्कळ मूर्ख माणसं पाहिली. रामदासपेठेतल्या दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करत मी पंचवीस वर्षं काढली, आणि बंद पडलेल्या यंत्रापुढं उभा राहून ठणकावून बोलणारा मूर्ख मी दारातून ओळखते. त्यातल्या बहुतेकांना मी माफ केलंय. कारण न सापडणं हा गुन्हा नाही, मलाही कित्येकदा सापडलेलं नाही. पण स्वतःला सापडत नाही म्हणून दुसऱ्याच्या हातांवर बोट ठेवणारा माणूस मला आजही किळसवाणा वाटतो. वय झालं की तिरस्कार निवळतो म्हणतात. माझा निवळलेला नाही, आणि तो निवळावा म्हणून मी काही प्रयत्नही केलेले नाहीत.

बाबा त्यानंतर एका बोटानं टाइप करू लागले. एक अक्षर, मग थांबायचं, यंत्राकडे पाहायचं, मग दुसरं. तापलेल्या तव्याला बोट लावून पाहावं तसं. तरी पडदा काळा व्हायचाच. मग त्यांनी टाइप करणंच सोडलं. मला म्हणाले, मी वाचतो, तू मार. मी इतक्या हलक्या हातानं कळा दाबल्या की काही अक्षरं उमटलीच नाहीत, आणि माझ्याही हाताखाली यंत्र 'टक्' करून बंद पडलं.

"पाहा बाबा," मी म्हटलं, "माझ्या हातानंही झालं. हाताचा काही संबंध नाही."

"तू माझीच पोरगी व्हय न," बाबा म्हणाले आणि उठून अंगणात जाऊन बसले.

त्या वाक्यानंतर मी कामाला लागले. कॉलेजच्या जर्नलची मागची पानं घेतली आणि यंत्र बंद पडलं की त्या क्षणी काय चाललं होतं ते लिहायला सुरुवात केली. नुसतं टाइप करताना क्वचित. वाचत बसलं तर कधीच नाही. पण फ्लॉपीवर साठवायला गेलं, आतली डिस्क गुरगुरू लागली आणि फ्लॉपीचं चाक फिरू लागलं की दहातल्या सात वेळा. दोन गोष्टी एकदम वीज मागू लागल्या की यंत्र कोसळत होतं. चार दिवसांत हे इतकं उघड झालं की मला हसूच आलं. हे बघायला कार्ड लागत नव्हतं, फक्त यंत्रापुढं बसून राहावं लागत होतं, आणि जिजाजी जेवणाच्या ताटासमोर सोडून कुठंच बसून राहत नसत.

गुरुवारी कॉलेजच्या लॅबमधून रजिस्टरमध्ये सही करून मीटर घरी आणलं. दुपारची वेळ, आई शेजारी गेलेली, बाबा आतल्या खोलीत पडलेले. आधी भिंतीतलं पाहिलं. दोनशे तीसच्या आसपास, स्थिर. म्हणजे इंदोऱ्याची वीज सदरच्या विजेइतकीच कुलीन होती. मग पेटी उघडली. पॉवर सप्लायच्या झुपक्यात एक मोकळा जोड होता, त्यातल्या लाल तारेवर पाच व्होल्ट असायला हवेत. पाव व्होल्ट कमी झालं तर यंत्र चालेल, त्याच्या खाली गेलं की भरवसा नाही. मीटरची काळी सुई काळ्या तारेत, लाल सुई लाल तारेत. नुसतं यंत्र चालू असताना चार पूर्णांक आठ. डिस्क गुरगुरली तर चार पूर्णांक सहा. फ्लॉपीवर साठवायला लावलं आणि आकडा माझ्यासमोर जिना उतरावा तसा उतरला, साडेचार, चार पूर्णांक चार, आणि 'टक्'. पडदा काळा. मी ते पाचदा केलं आणि पाचही वेळा तसंच झालं. नंतर डिस्कच्या तारा काढून ठेवल्या आणि नुसतं फ्लॉपीवर चालवलं. तासभर एकदाही बंद पडलं नाही. मला त्या तासात जो आनंद झाला तसा नंतर पहिल्या पगारालाही झाला नाही.

डबा उघडायचा होता, पण त्यात वीज काढल्यावरही चार्ज साठून राहतो हे आम्हाला शिकवलं होतं. म्हणून शुक्रवारी दिवसभर प्लग काढून ठेवला आणि शनिवारी सकाळी चार स्क्रू काढले. आत बोटभर धूळ. 'एकदम नव्या, स्पेशल मागवलेल्या' डब्यात. तारांच्या मुळाशी दोन कपॅसिटर होते, छोट्या पिंपांसारखे असतात, त्यांची डोकी सपाट असायला हवीत. ती फुगली होती, आणि एकातून तपकिरी चिकट काहीतरी गळून वाळलं होतं. त्यांच्यावर भार पडला की ते मान टाकत होते, बस, एवढाच रोग. झाकण बाजूला ठेवताना त्याच्या आतल्या अंगाला नजर गेली. काळ्या मार्करनं इंग्रजीत लिहिलं होतं, लॅब दोन, खराब.

मी सायकल काढून बर्डीवर गेले आणि त्याच मापाचे दोन कपॅसिटर घेऊन आले. इस्त्रीच्या कपड्यांमागे माझं सोल्डरिंगचं खोकं होतं. अर्ध्या तासाचं काम. दुपारी बाबा दारातून डोकावले, पेटी उघडी पाहून म्हणाले, "काय करून राहिली वं? जवाईबापू येतीन न उद्या. राहू दे, अजून बिघडंल." मी म्हटलं, काही नाही, धूळ पुसते. आणि सगळे स्क्रू पुन्हा सैलसर लावले. नवे कपॅसिटर माझ्या पेन्सिलच्या डब्यात होते. मला ते त्या दिवशी लावायचे नव्हते. मला रविवार हवा होता. प्रूफं घ्यायला गुरुजी रविवारी येणार होते. मला जिजाजी ताटावरून उठून यंत्रापुढं बसलेले हवे होते, आणि बघायला माणसं हवी होती. बाबांनी आणखी एक रात्र स्वतःच्या हातांना दोष देत काढली ती त्यासाठी. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. आज लिहून ठेवते.

रविवारी सगळं माझ्या मनासारखं झालं. मटण झालं. गुरुजी खुर्चीवर, बाबा तख्ताच्या टोकाशी अंग चोरून, जिजाजी मधोमध. आई आणि ताई आत आपली ताटं वाढून घेत होत्या. जिजाजींनी खिशातून फ्लॉपी काढली, गुरुजींकडे पाहत म्हणाले, "सर, सिस्टम पूर्ण करप्ट आहे. फॉरमॅटच मारावं लागेल." पुन्हा टाइप झालेली बावन्न पानं होती त्यात.

"बरं," बाबा म्हणाले.

"थांबा जिजाजी," मी म्हणाले. "व्हायरस नाही. पॉवर सप्लाय गेलेला आहे."

ते हसले. गुरुजींकडे पाहून हसले, मोठ्या माणसांनी आपसात हसावं तसं. "साळीबाई, बोर्डावर बल्ब पेटवणं वेगळं, हे वेगळं."

मी मीटर आणलं. सुया तारांत खोचल्या आणि मीटर गुरुजींच्या हातात दिलं. "गुरुजी, तुम्ही फक्त आकडा वाचा. लाल तारेवर पाच पाहिजे. मी काही बोलत नाही. बाबा, तुम्ही फ्लॉपीवर साठवा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग जिजाजींकडे, आणि भीत भीत एक कळ दाबली. गुरुजी चष्मा वर करून वर्गात वाचावं तसं वाचू लागले, "चार आठ. चार सात. चार पाच. चार चार..." टक्. पडदा काळा.

"म्हणजे याले पोटभर भेटतच नाही म्हणा की," गुरुजी म्हणाले.

"मीटर लोकल आहे," जिजाजी म्हणाले. पुण्याचा सूर अजून टिकून होता.

मी इथं थांबू शकले असते. बाबांचे हात निर्दोष सुटले होते, बावन्न पानं वाचली होती. पण मी प्लग काढला, सैल ठेवलेले स्क्रू फिरवले, आत बोट न घालता झाकण काढून उलटं धरलं आणि मोठ्यानं वाचलं. "लॅब दोन. खराब. ही कोणती लॅब हाय जिजाजी? तुमच्याच क्लासची न? तिथून भंगारात काढलेला डबा आमच्या बाबाले नवा म्हणून लावून दिला, अन् वरून त्याहीच्या हाताले नावं ठेवली?"

स्टॅबिलायझर तेवढा वाजत होता. जिजाजींचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याला काही रंगच उरला नाही. मी तो चेहरा डोळे भरून पाहिला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. त्यांनी कार्डाचा खिसा चाचपला, जणू काही त्यातून उत्तर निघणार होतं, आणि मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "विशाखा. चल."

ताईनं नुकताच पहिला घास मोडला होता. ती तशीच उठली, हात धुतला, पदरानं पुसला आणि चपला घातल्या. माझ्याजवळून जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं. गुरुजीही घाईघाईनं पिशवी उचलून निघाले. दार लागलं तशी आई बाहेर आली. "काय भेटलं वं तुले?" ती म्हणाली. "सांग न, काय भेटलं? बंद डबा होता तर होता. माझी पोरगी त्या घरात राह्यते." मी म्हटलं, खरं तेच बोलले. आई म्हणाली, "खरं बोलाले अक्कल नाही लागत."

बाबा अजून तख्तावर बसले होते. त्यांनी दोन्ही हात समोर धरले, उलटेसुलटे करून पाहिले.

"म्हणजे माझ्या हातानं नव्हतं होत?"

"नाही बाबा. एकदाही नाही."

त्यांनी हात पुन्हा मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "तुले हे कधी समजलं?"

"गुरुवारी अंदाज आला. काल खात्री झाली."

त्यांनी मान हलवली. काल आणि आज यांच्यामध्ये काय होतं ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी जुने कपॅसिटर काढून नवे लावले. लाल तारेवर पाच पूर्णांक शून्य एक. डिस्क आणि फ्लॉपी एकदम चालवल्या तरी आकडा हलला नाही. बाबा बसले. पहिलं पान एका बोटानं केलं, दुसरं दोन बोटांनी, आणि संध्याकाळपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत टाइप करत होते. स्मरणिका दसऱ्याच्या दोन दिवस आधी बांधून आली. त्यात बाबांचं नाव होतं, 'अक्षरजुळणी' म्हणून, शेवटच्या पानावर. आईनं ते पान मला दाखवलं नाही, शेजारणींना दाखवलं.

जिजाजींचं पुढं काही वाईट झालं असेल असं वाचणाऱ्याला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. असल्या माणसांचं सहसा होत नाही. क्लास बदलले, कार्डं बदलली, आणि आता ते मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याशा ट्रेनिंग सेंटरमध्ये तरुण मुलांपुढं भाषणं देतात. मागे एका लग्नात भेटले तेव्हा त्यांनी मला डेटाच्या सुरक्षिततेविषयी वीस मिनिटं समजावलं. मी ऐकून घेतलं. त्यांच्या ताटात मटण होतं आणि मीठ, त्यांच्या मते, जरा कमी होतं.

ताई मात्र दसऱ्याला आली नाही. दिवाळीच्या सुट्टीत आली नाही. आई दर रविवारी दाराकडे पाहायची आणि मग माझ्याकडे. संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी ताई एकटीच आली. वाळली होती. मी तिच्यासाठी चहा ठेवला आणि तिच्याजवळ बसून म्हणाले, की तो माणूस कसा आहे हे एकदा सगळ्यांना समजायला पाहिजे होतं, तुलाही.

ताईनं कप खाली ठेवला. "मले लग्नाच्या आठव्या दिवशी समजलं होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुले काय वाटलं, मी आंधळी हाव? अवं, त्याले त्याच्या घरीही कोणी विचारत नाही. भाऊ हसते, बाप हसते. एक हेच घर होतं जिथं त्याले मान होता. इथून जेवून आला की आठ दिवस बरा वागे माझ्याशी. तेवढंच होतं माझ्यापाशी. थे तू गुरुजीच्या समोर काढून घेतलं."

मी म्हटलं, "मग मले सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं कधी? तू तर मीटर घेऊन फिरत होती."

जिजाजींना मी इतकी वर्षं तुच्छ मानत आले, पण कुणी मला तसं मानावं म्हणजे काय असतं, ते मला ताईच्या त्या शांत नजरेत पहिल्यांदा दिसलं.

ती उठून बाबांकडे गेली. पर्समधून घडी केलेला कागद काढला. जरीपटका भागातल्या एका शाळेत क्लार्कची जागा होती, तिचा अर्ज होता. "बाबा, छापून द्या मले. साफ पाहिजे."

बाबांनी चष्मा लावला, यंत्र सुरू केलं, पंखा घुमू लागला. विषय लिहिला, महोदय लिहिलं, मग कळांवर बोटं धरून थांबले.

"आडनाव कोणतं टाकू वं माय? आपलं का तिकडचं?"

मी तोंड उघडलं.

"तू चूप राय," ताई माझ्याकडे न पाहता म्हणाली. आणि बाबांना म्हणाली, "तिकडचंच टाका. कागदपत्रावर नाव बदलून घेतलं हाये. अन् जन्मतारीख पाहून टाका, मागच्या अर्जात कोणीतरी चुकवली होती."

बाबांनी तिकडचं नाव टाकलं. ताई त्यांच्या खांद्यामागे उभी राहून एक एक ओळ वाचत होती, आणि मी दोघांच्या मागे, चहाचे रिकामे कप हातात धरून उभी होते.